सकपाळबाईंची टाच

आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या कपाटात खालच्या कप्प्यात कापडी पिशव्या ओळीने ठेवलेल्या असतात. प्रत्येक पिशवीत वर्गात घालायच्या स्वच्छ चपलांचा एक जोड. परवा नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारलं, "ही पद्धत छान आहे हो. कोणी सुरू केली?" त्यावर आमच्या हिंदीच्या बाई म्हणाल्या, "अगं, शाळेने सोय केलीय आपली."

मी हातातलं वेळापत्रक खाली ठेवलं आणि सांगितलं, शाळेने काही केलेलं नाही. जे केलं ते विमल सकपाळ नावाच्या बाईंनी केलं. त्या करत असताना शाळेला जेवढा त्रास देता येईल तेवढा शाळेने दिला, आणि त्यात हिंदीच्या बाईंचाही हातभार होता. हिंदीच्या बाई पाणी प्यायला उठल्या. नवी शिक्षिका गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिला तेव्हा सगळं सांगायला वेळ नव्हता, घंटा झाली होती. म्हणून आता लिहून काढते. माझा स्वभाव असा आहे की कोणतीही गोष्ट जागच्या जागी लागली नाही तर मला झोप येत नाही, आणि "शाळेने सोय केली" हे वाक्य चुकीच्या जागी पडलं आहे.

सकपाळबाई आठवी ते दहावीला गणित शिकवत. बुटक्या, अंगाने भरलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की तळमजल्यावर त्यांनी "समीकरण" म्हटलं की वरच्या मजल्यावरची मुलं सरळ बसत. राग आला की त्या हातातला खडू मोडायच्या. बोलायच्या आधी खडू मोडल्याचा बारीक टक् असा आवाज यायचा. मुलांना तो आवाज पुरेसा असे. पहिल्या बाकावरची मुलं तो ऐकून मागच्यांना खुणा करत.

त्यांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं : "उत्तर नको, पायऱ्या दाखव." एखाद्या मुलाने बरोबर उत्तर लिहिलं पण मधली रीत गाळली, तर त्या त्याला गुण देत नसत. हा नियम वर्गाबाहेरही चाले. एकदा आम्ही दोघी साळवी स्टॉपला गाडीची वाट बघत होतो. तिथल्या एसटीच्या माणसाने सांगितलं, "येईल आता, बाई." बाई म्हणाल्या, "उत्तर दिलंत. पायऱ्या दाखवा. डेपोतून सुटली का? कधी सुटली? कोणी बघितली?" तो माणूस बिचारा खरोखर आत जाऊन फोन करून आला. गाडी सुटलेलीच नव्हती.

आता टाच.

शाळेचा एक माजी विद्यार्थी मुंबईत मोठा झाला. त्याने सगळ्या वर्गांत चकचकीत पांढऱ्या लाद्या बसवून दिल्या. आधी शहाबादी फरशी होती, तिच्यावरून कोणी कसंही चाललं तरी कोणाला काही वाटत नसे. पण ह्या लाद्यांत तोंड दिसे. मुख्याध्यापक त्यांच्या प्रेमात पडले. वर्गाबाहेर रॅक आले आणि सूचना लागली की विद्यार्थी आणि शिक्षक, सर्वांनी पादत्राणं बाहेर काढावीत. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी भाषण केलं, "शाळा म्हणजे ज्ञानाचं मंदिर. मंदिरात आपण चपला घालून जातो का?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सकपाळबाई हळूच म्हणाल्या, "मी देवळात जातच नाही. मी शाळेत येते."

तरी त्यांनी चपला काढल्या. सगळ्यांनीच काढल्या. त्यात कोणाला वावगं वाटावं असं काही नव्हतं. आपल्याकडे घरात, दुकानात, दवाखान्यात, विहारात, सगळीकडे चपला बाहेरच काढतात. चपला काढणं म्हणजे स्वच्छता, आणि स्वच्छता म्हणजे संस्कार. बाई दिवसभर त्या दगडासारख्या लाद्यांवर अनवाणी उभ्या राहून शिकवू लागल्या. खुर्चीवर बसून गणित शिकवता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

पावसाळा संपता संपता त्यांची उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की जरा सुटायचं. मधल्या सुट्टीत बसून उठलं की पुन्हा तेच. संध्याकाळी घरी जाताना त्या जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या, आणि कोणी बघतंय असं दिसलं की कठडा सोडायच्या.

मग सुरू झाले उपाय. स्टाफरूममध्ये ज्याला त्याला उपाय माहीत. रुईचं पान तापवून बांधा. गरम विटेचा शेक घ्या. मिठाच्या पाण्यात पाय बुडवा. एकाने तर तळव्याला काटे टोचणारी चप्पल आणून दिली, ती घालून बाई जेमतेम घराच्या दारापर्यंत गेल्या. "ही चप्पल ज्याने बनवली त्याला आधी घालायला लावा," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती ज्याची त्याला परत. प्रत्येक उपायावर त्यांचा प्रश्न एकच, "याने का बरं होतं? पायऱ्या सांगा." लोकांना राग यायचा. आपल्याकडे सल्ला घेणाऱ्याने कारण विचारायचं नसतं.

पुढे डॉक्टरांची पाळी आली. पहिल्या डॉक्टरांकडे मी सोबत होते. त्यांनी पाय बघितला नाही, एक्स-रे बघितला. म्हणाले, "टाचेचं हाड वाढलंय. वजन कमी करा."

बाई म्हणाल्या, "दुसऱ्या टाचेचा एक्स-रे काढा."

"ती दुखते का?"

"नाही. म्हणूनच काढा."

डॉक्टर हसले, पण काढला. दुसऱ्या टाचेचंही हाड तेवढंच वाढलेलं होतं. बाईंनी दोन्ही फोटो उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. "हाड दोन्हीकडे सारखं. वजन दोन्ही टाचांवर सारखं. मग ही का दुखत नाही?"

डॉक्टर म्हणाले, "दुखेल."

बाहेर आल्यावर बाईंच्या हातात खडू नव्हता म्हणून त्यांनी रिक्षाची वाट बघताना कुंपणाची काडी मोडली. "दुखेल म्हणे. हा माणूस दहावीला माझ्या हाताखाली असता तर नापास केला असता."

दुसऱ्या डॉक्टरांनी टाचेत इंजेक्शन दिलं. काही आठवडे बरे गेले, बाई जिना भराभर चढायला लागल्या, आणि मग दुखणं परत आलं, जणू सुट्टीवर गेलं होतं. पुन्हा इंजेक्शन घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. तोपर्यंत त्यांचा चेहरा ओढलेला दिसू लागला होता. तासाच्या शेवटी त्या फळ्याला टेकायच्या. सकपाळबाई फळ्याला टेकल्या, हे बघून मुलंसुद्धा गप्प होत.

मग कोणीतरी फिजिओथेरपीचं सुचवलं. शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन गेले. दवाखान्याच्या दाराशी नेहमीची पाटी होती, पादत्राणे बाहेर काढावीत. त्या दिवशी बाईंना अनवाणी पाऊल टाकवेना. त्या चपला घालूनच आत गेल्या.

काउंटरवरची मुलगी ओरडली, "मॅडम, चप्पल! चप्पल बाहेर!"

"नाही काढणार," बाई म्हणाल्या. "माझी टाच दुखते म्हणून आलेय. टाच दुखत नसती तर काढली असती, पण मग आले कशाला असते?"

"सगळे काढतात, मॅडम."

"सगळ्यांना बोलवा. त्यांच्या टाचा विचारते."

आवाज ऐकून आतून फिजिओथेरपिस्ट बाहेर आली. तरुण मुलगी, केस वर बांधलेले. भांडण मिटवायला आली असेल, पण तिचं लक्ष बाईंच्या पायांकडे गेलं. "काढा बघू एक," म्हणाली. चप्पल हातात घेतली आणि दोन्ही टोकं धरून दुमडली. चपातीसारखी घडी झाली. "हिच्यात काही उरलेलंच नाही. घरात काय घालता?"

"घरात? घरात कोण चप्पल घालतं?"

"आणि शाळेत?"

"बाहेर रॅकवर."

"म्हणजे पूर्ण दिवस अनवाणी. लादीवर." ती काउंटरवरच्या मुलीकडे वळली, "ती पाटी काढ गं आधी." आणि मग आमच्याकडे बघून म्हणाली, "आमचंही चुकतंय. पेशंट चपला बाहेर काढून येतात, आम्ही पाय बघतो. पायात काय असतं ते आम्हाला दिसतच नाही."

बाईंचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी पायरी दाखवली होती. त्या मुलीने त्यांना खुर्चीत बसवून नीट समजावलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो ताणून ताणून टाचेपाशी चिडलाय. रात्री तो आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल वाईट. वाढलेलं हाड पुष्कळांना असतं आणि त्यांना काही दुखत नाही. उपाय असा : अंथरुणातून उठायच्या आधी टॉवेल तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळू वर, हळू खाली. आणि जमिनीवर पाय पडेल तो मऊ, जाड, टाचेला आधार देणाऱ्या चपलेतच. घरात, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात जातानासुद्धा. "लगेच बरं होणार नाही," तिने बजावलं. "महिने लागतील. मध्येच सोडायचं नाही."

"किती महिने लागतील ते नक्की सांगता येत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"नाही येत."

"मग तुमच्यावर विश्वास ठेवते," बाई म्हणाल्या.

बाईंनी दोन जोड घेतले. एक घरातला, एक वर्गातला. वर्गातला जोड रस्त्यावर कधीच पडत नसे, कापडी पिशवीतून येई आणि पिशवीतून जाई. लादीपेक्षा तो जोड स्वच्छ होता. घरी फार अडलं नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, त्यांनी एकदा सांगितलं. अडलं शाळेत.

मुख्याध्यापक म्हणाले, "एकाला परवानगी दिली की सगळे मागतील."

"मागू देत. ज्याची टाच दुखते तो मागेल."

"स्वच्छतेची तपासणी यायची आहे, बाई. नियम म्हणजे नियम. असं करा, तुम्ही ग्रंथालय सांभाळा. बसून काम. दहावीचा वर्ग दुसऱ्या कोणाला देतो."

दहावीचा वर्ग. बाईंची निवृत्ती जवळ आलेली, हातात शेवटची दहावी, आणि बीजगणिताचा अर्धा भाग शिकवायचा राहिलेला. हिंदीच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "यांना सगळीकडेच सवलत लागते बाई." 'यांना' म्हणजे कोणाला, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं.  सकपाळबाईंनी खडू मोडला, दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. ते तुकडे उचलायला कोणी हात लावला नाही.

वेळापत्रक माझ्याकडे असतं. सरांनी मला बोलावून बाईंचे दहावीचे तास काढायला सांगितलं. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी काही आलं नाही.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर चपला बदलताना बाई मला म्हणाल्या, "माझा आजा, आयचा बाप, गावच्या शाळेत शिकला. वर्गात नाही, व्हरांड्यात बसून. आत पाढे चालायचे, हा बाहेरून ऐकायचा. आणि शाळेला जायची पाखाडी, ती दगडी पायऱ्यांची वाट, खोतांच्या घरासमोरून. तिथे आलं की वहाणा हातात घ्यायच्या. आय सांगते, म्हातारा झाला तरी तो तिथे वाकायचा, सवयीने. खोत राहिला नाही, सवय राहिली." हे त्यांनी सहानुभूतीसाठी सांगितलं नव्हतं. आवाज गणिताच्या तासाचाच होता.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या तासाला त्या वर्गाच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही. पायात पिशवीतल्या स्वच्छ चपला. पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं आणि बाहेरून सांगायला सुरुवात केली, "लिही. दोन चलांतलं समीकरण." मुलांनी बाक दाराच्या दिशेला वळवले. बाईंचा आवाज लागून असलेल्या सगळ्या वर्गांत गेला. शेजारच्या वर्गात इतिहास चालू होता, त्या मुलांनी नंतर मला सांगितलं की त्यांना त्या दिवशी फक्त बीजगणित कळलं.

मुख्याध्यापक धावत आले. "हे काय चाललंय?"

"वर्गात चपला चालत नाहीत. म्हणून मी वर्गात नाही," बाई म्हणाल्या. "माझा आजा वर्गाबाहेर बसून शिकला, सर. मी वर्गाबाहेर उभी राहून शिकवतेय. तेवढी प्रगती झाली म्हणायची."

"तुम्ही विषय कुठच्या कुठे नेता, बाई!"

"मी कुठेच नेलेला नाही. मी उंबऱ्यावर उभी आहे. न्यायचा तर तुम्ही आत न्या."

सर आत नेईनात आणि बाई हटेनात. तपासणी येईपर्यंत रोज तास असाच झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी लाद्यांचं कौतुक केलं, रॅकचं कौतुक केलं, आणि मग दाराबाहेर उभ्या राहून शिकवणाऱ्या बाई बघून विचारलं, "ह्या बाहेर का?"

सरांनी तोंड उघडायच्या आत अख्ख्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "बाईंची टाच दुखते, सर चपला घालू देत नाहीत!"

"छे, छे!" मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, या ना आत! असं काय करता!" ते असं म्हणाले. मी तिथे उभी होते. एवढे दिवस त्या माणसाला दार दिसत होतं, बाई दिसत होत्या, आणि साहेब दिसेपर्यंत "या" हा शब्द सापडला नव्हता.

संध्याकाळी बाईंच्या हातात कागद आला, वैद्यकीय कारणास्तव विशेष सवलत. बाईंनी तो परत पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सवलत नको. ज्याला गरज असेल त्याने वर्गासाठी वेगळ्या, स्वच्छ चपला वापराव्यात, असा सर्वांसाठी नियम करावा.' सरांनी कुरकुर करत केला. पुढच्या महिन्यात दुसरी पिशवी आली. मग तिसरी. हिंदीच्या बाईंची पिशवी उशिरा आली, पण आली. त्यांच्या तर दोन्ही टाचा दुखत होत्या.

बाईंचं दुखणं त्या मुलीने सांगितलं तसं सावकाश गेलं. कधी पुढे, कधी मागे. स्टाफरूमच्या भिंतीला हात लावून त्या पोटरी ताणत उभ्या राहायच्या, मुलं म्हणायची, बाई भिंत ढकलतायत. एक दिवस कळलं की त्या जिना कठडा न धरता उतरल्या आणि त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नाही. शेवटच्या दहावीचं बीजगणित पूर्ण झालं. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "काय बाई, आता टाच बरी ना? मग आता तरी चपला काढणार का?"

"टाच बरी आहे, सर," बाई म्हणाल्या, आणि चपला घालूनच आत गेल्या.

त्यांना मी शेवटचं बघितलं त्यांच्या गावी. निवृत्तीनंतर त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून पुढे गुहागरच्या बाजूला जायचं. बौद्धवाडीकडे जाणारी चिऱ्याची पाखाडी चढताना उजवीकडे गडग्याआड, दगडी कुंपणामागे, एक मोठं घर लागलं. दाराला कुलूप, अंगणात गवत. खोतांचं हेच का, म्हणून मी बाईंकडे बघितलं.  इतका वेळ कडेने चालत होत्या त्या आता पाखाडीच्या मधोमध आल्या.

घरी त्यांची आय ओटीवर बसली होती. वाळलेली, लहानशी, नजर तेज. आम्ही आत पाऊल टाकतोय तोच ओरडली, "चपला भायेर काड गो! मास्तरीन झालीस म्हनून काय घरात चपला घालशील?"

बाईंनी बाहेरच्या चपला काढल्या आणि पिशवीतून घरातल्या काढून घातल्या. मग पिशवीतून आणखी एक जोड निघाला. लहान मापाचा. बाई जमिनीवर बसल्या आणि आयचा पाय ओढून मांडीवर घेतला.

"ह्ये काय करतस? सोड पाय."

"आये, सकाळी भिंत धरून उठतेस ना?"

"म्हातारपन हाय ता."

"म्हातारपण दोन्ही पायांना सारखंच आहे. मग एकच टाच का दुखते?"

म्हातारीने पाय सैल सोडला. चपला पायात गेल्या. "मानसं बघतील," ती पुटपुटली.

"बघू देत."

"माजो बापूस आज असतो तर मारतो माका."

"कोणाच्या भीतीनं मारलं असतं त्यानं, आये?"

म्हातारीने पदर खोचला. ती उठली. हात सवयीने भिंतीकडे गेला आणि मग मध्येच थांबला. कोब्यावरून दोन फेऱ्या मारल्या, पायाकडे बघत. मग ओटी उतरली आणि अंगणातून सरळ पाखाडीवर, खाली, गडग्याच्या दिशेने चालू लागली.

"आये!" सकपाळबाई उंबऱ्यावर येऊन ओरडल्या, तळमजल्यावरून वरच्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या त्यांच्या त्या आवाजात. "आये, त्या घरातल्या हायत! त्या भायेर नाय घालायच्या!"

म्हातारीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. चिऱ्यांवर तिच्या चपलांचा फट् फट् आवाज होत राहिला, आणि कुलूप लावलेल्या घरासमोर आल्यावर तो मुद्दाम मोठा झाला.